सातवी धाप

इरलेमहाराज तापसऱ्यास आले ते मार्गशीर्षात, भात झोडून झाल्यावर. तापसरे हे सह्याद्रीच्या पायथ्याचे गाव. एका अंगाला डोंगर, दुसऱ्या अंगाला सडा, म्हणजे गवताखाली उघडा पडलेला कातळ, आणि मधल्या घळीत तापाईची तीन ऊन पाण्याची कुंडे. महाराज देवळात गेले नाहीत की खोतांच्या ओटीवर गेले नाहीत. कुंडांच्या वर, जिथे कातळातून वाफा येतात, तिथे एका कुंभ्याच्या झाडाखाली बसले आणि दोन महिने तिथेच राहिले. ही कथा त्या दोन महिन्यांची. ऐकताना हात जोडले तर उत्तम, नाही जोडले तरी चालेल. पण अर्ध्यावर उठू नये. अर्ध्यावर ही कथा त्र्यंबकरावांची वाटते, आणि ती त्यांची नाही.

महाराजांचे मूळ नाव कुणालाच ठाऊक नव्हते. शेतकरी पावसात पाठीवर घेतात तसले पानांचे इरले ते बारा महिने पांघरत, म्हणून इरलेमहाराज. पावसात पावसासाठी, उन्हात उन्हासाठी, पण थंडीत कशासाठी, हे कुणी विचारलेच तर महाराज म्हणत, "झाकलेलं बरं." जवळ बसणाऱ्याला मात्र कारण कळे. महाराजांच्या अंगाला धग होती. दोन हातांवर बसले तरी चुलीपाशी बसल्यासारखे वाटे. पौषाच्या थंडीत गावातली चार कुत्री त्यांच्या पाठीला लागून निजत. कुत्र्याला भक्ती शिकवावी लागत नाही, त्याला ऊब कुठे आहे ते समजते.

तिथला कातळ काळा. थरावर थर, जशी आंबोळीवर आंबोळी रचावी. आणि आंबोळीला पडते तशी जाळी त्या दगडालाही पडलेली. शिकलेले लोक सांगतात की हा सगळा डोंगर कधीकाळी पातळ रस होता, थराथराने पसरला आणि निवला. तापसऱ्याच्या बायकांना हे कुणी शिकवावे लागले नाही. त्या म्हणत, तापाईने पीठ ओतले, वरची आंबोळी थंड झाली, खालचा तवा अजून तापलेलाच आहे. तिथे गंधकाचा वास येतो. नवा माणूस नाक धरतो. गावच्या माणसाला तो वास नाही आला तर जेवण गोड लागत नाही.

वरच्या कुंडात पाणी इतके कढत की हात घालवत नाही. तिथून ते मधल्या कुंडात येईपर्यंत सोसवेल असे होते, आणि त्यात सांधे धरलेली, खरजेने बेजार झालेली माणसे लांबून येऊन बसतात. खालचे कुंड गुरांना आणि धुण्याला. रथसप्तमीला वरच्या कुंडात ऊनभात होतो. घराघरातून नव्या तांदळाची एकेक मूठ फडक्यात बांधून, सुंभाला लावून पाण्यात सोडतात. सूर्य डोंगरावर आला की ऊन कड्यावरून खाली उतरत येते. कुंडाच्या डोक्यावर एक सपाट दगड आहे, त्याला पाटा म्हणतात. ऊन पाट्यावर आले की पुरचुंड्या वर काढायच्या; भात मोकळा, शीत न् शीत शिजलेला. चूल नाही, लाकूड नाही. त्यातली पहिली पुरचुंडी सोडायचा मान गाळकरणीचा.

त्या वेळी गाळकरीण होती येसू. सासरा गेला, नवरा गेला, मूलबाळ नाही. कुंडाकाठची एक खोपी आणि सासूने हातात दिलेला वेत, एवढा तिचा संसार. कुंडातला गाळ काढायचा हे तिचे काम सगळ्यांना दिसे. न दिसणारे काम वेगळे होते. कुंडांच्या वर कातळात सात भोके आहेत. कुठले तांब्याच्या तोंडाएवढे, कुठले घागरीच्या. त्यांतून जमिनीच्या पोटातली वाफ दम लागल्यासारखी थांबून थांबून येते, म्हणून त्यांना धापा म्हणतात. धापेत पालापाचोळा जातो, माती जाते, आणि कडेला पांढरी खार जमते. आठवड्यातून एकदा ते सारे ओढून काढावे लागते. ते उभ्याने होत नाही, बसूनही होत नाही. पोटावर आडवे व्हायचे, कपाळ दगडाला टेकवायचे, मग खांदा खाली जातो, आणि काथ्याचा बोळा बांधलेला वेत हातभर आत शिरतो. येसूच्या कपाळावर त्या दगडाचा घट्टा पडला होता, दळणारणीच्या हाताला पडतो तसा.

सातवी धाप सगळ्यांत मोठी. ती अगदी वरच्या कुंडाच्या डोक्याशी, पाट्याच्या बाजूला. महाराज पुष्कळदा तिथे कान लावून बसत. येसू वेत घेऊन आली की बाजूला सरकत. एकदा त्यांनी विचारले, "काय म्हणते गो तापाई?"

येसू म्हणाली, "काय म्हणणार, म्हाराज. दम खाते आणि कामाला लागते. बाईमाणूस ते."

महाराज हसले. महाराज क्वचित हसत.

आता त्र्यंबकराव. गावचे खोत, गाव त्यांना रावसाहेब म्हणे, पण नुसते खोत नव्हेत. घाटावर पूल आणि धर्मशाळा बांधून आलेले, चुन्यादगडातले जाणते, कोटाला वरपर्यंत गुंड्या लावणारे. त्या गुंड्यांमुळे मान वाकत नसे की मान वाकत नसे म्हणून गुंड्या लावत, ते त्यांच्या बायकोलाच माहीत. देवाला ते नमस्कार करीत, तोही उभ्याने. माणूस वाईट नव्हता. फक्त त्यांना वाटे की बांधल्याशिवाय कशालाही रूप येत नाही.

त्यांनी ठरवले की तापाईचे वरचे कुंड चिरेबंदी करायचे. पायऱ्या, कठडा, आणि डोक्याशी पाहुण्यांना बसायला चौथरा. रथसप्तमीला तालुक्याच्या मोठ्या साहेबांना बोलावणेही गेले. घाटावरचा गवंडी आला, चुन्याची घाणी फिरली, गूळ आणि उडदाचे पाणी घालून चुना मळला. काम देखणे झाले, ते कबूल करायला हवे. पण चौथरा आला तो नेमका सातव्या धापेवर. गवंड्याने भोक उघडे ठेवून चारी बाजूंनी चिरे बसवले, तर वाफेने चुना सुटू लागला आणि चौथऱ्याच्या मधोमध धूर निघू लागला. साहेबांची खुर्ची तिथेच यायची होती. साहेब वाफेवर बसलेले बरे दिसणार नाहीत, हे त्र्यंबकरावांना दिसले. त्यांनी धापेत चिऱ्याचा गट्टा ठोकून वरून चुन्याने लिंपायला सांगितले.

येसूला कळले तेव्हा ती हातातला गाळ तसाच टाकून आली आणि भोकाशी उभी राहिली. तिने रावसाहेबांना सांगितले की ही धाप मिटली तर पाणी निवेल. चूल पेटती ठेवायची तर तिला वारा लागतो. तोंड बंद केले तर आतला विस्तव घुसमटून विझतो. यात काही शास्त्र नाही. ज्या बाईने एकदा चूल फुंकली तिला हे कळते. त्र्यंबकरावांनी जन्मात चूल फुंकली नव्हती.

ते गवंड्याकडे बघून म्हणाले, "आमच्याकडे ही एक बाई दगडांची नाकं शिंकरते. तिला वाटतं, दगडाला पडसं होतं."

गवंडी हसला, गुरव हसला, पाणी भरायला आलेल्या दोघी पदराआड हसल्या. त्या दिवसापासून येसूचे नाव नाक-शिंकरी पडले. रावसाहेबांनी एवढ्यावर ठेवले असते तर ठीक. त्यांनी तिथेच सांगून टाकले की या वर्षी पहिली पुरचुंडी खोतांच्या घरची सुटेल, आणि चौथऱ्याशेजारी पाहुण्यांसाठी पडवी घालायची असल्याने सप्तमीनंतर येसूची खोपी उठेल. गट्टा ठोकला. चुना लिंपला. वर गुळगुळीत घोटला.

येसू महाराजांकडे गेली. रडली नाही, रडण्याची सवय मोडली होती. तिने विचारले की आता सहाच धापा साफ करू ना.

महाराज म्हणाले, "सात."

"सातवीवर चुना हाय, म्हाराज."

"मग चुन्यावरून वेत फिरव."

येसूने का म्हणून विचारले नाही. आठवड्याने ती नव्या चौथऱ्यावर पालथी पडली, चुन्याला कपाळ टेकवले आणि बंद भोकावरून काथ्याचा बोळा हळूहळू फिरवला. हे बघायला माणसे जमली. कुणी म्हणाले, बाई खुळी झाली. त्र्यंबकराव म्हणाले की खुळी नाही, चौथरा झाडते आहे, झाडू दे. फुकटात झाडणारी मिळाली.

पाणी एका दिवसात निवले नाही. आधी वास गेला. मग वरच्या कुंडात हात घालता येऊ लागला, तेव्हा काही लोकांना ती सोयच वाटली. मग मधले कुंड कोमट झाले. सांधे धरलेली माणसे चार दिवस कुडकुडत बसली आणि गाडीबैल जोडून परत गेली. पौष सरता सरता वरच्या कुंडातले पाणी विहिरीच्या पाण्याहून गार झाले. कातळावर चालताना पायांना पूर्वी जी ऊब लागे ती गेली. सहाही धापा हळूहळू मिटल्या. भोके उघडी होती, पण त्यांतून काही येत नव्हते. साहेबांना बोलावणे जाऊन बसले होते आणि सप्तमी आठ दिवसांवर.

अशा वेळी माणसे काय करतात ते सांगायला नको. ज्याच्या हातून झाले तो मोठा असेल तर ज्याने आधी सांगितले त्याला धरतात. देवळात गाव बसले. त्र्यंबकरावांनी विचारले, पाणी निवेल असे पहिल्यांदा कोण बोलले? येसू बोलली. बोलली आणि तसे झाले. मग तिच्या जिभेने झाले की चुन्याने? घाटावर त्यांनी चुन्याचे हजार सांधे भरले होते, कुठे नदी आटली नव्हती. लोकांना हे पटले. पटले नाही त्यांनी माना खाली घातल्या, आणि खाली घातलेली मान लांबून होकारासारखीच दिसते.

धाकू गुरव म्हातारा होता, त्याने दबकत सुचवले की एकदा चुना उकरून बघावा. त्र्यंबकराव म्हणाले, साहेब यायला आठ दिवस उरले असता नवा चौथरा फोडणारा तापसऱ्यात जन्मला असेल तर त्याने पुढे यावे. कुणी आले नाही.

मग त्यांनीच निवाडा सांगितला. येसूकडे वळून म्हणाले, "काय गो, तापाई तुझं ऐकते ना? मग सप्तमीला पहिली पुरचुंडी तूच सोड. भात शिजला तर तुझा मान तुला, खोपी तुला. कच्चा निघाला तर त्याच पावली गाव सोडायचं. वेत इथं ठेवून जायचं."

गार पाण्यात भात शिजत नाही हे त्या देवळात बसलेल्या प्रत्येकाला ठाऊक होते. तरी कुणी बोलले नाही. येसू म्हणाली, "बरं."

तिथून ती थेट कुंभ्याखाली आली. तिने महाराजांना सगळे सांगितले. इतर गावांत तिचे कुणी नव्हते. माहेर सासूच्याही आधी संपलेले. वेत सोडून तिला दुसरे काही धरता येत नव्हते. ती म्हणाली, गवंड्याची पहार चौथऱ्याशी पडलेली आहे. महाराज हो म्हणत असतील तर मी आत्ता जाऊन गट्टा फोडते, मग मला काय करायचे ते करोत.

महाराजांनी मान हलवली. "ज्याचं बूच त्याचा हात. तू तांदूळ निवड."

"गार पाण्यात कसा शिजायचा, म्हाराज?"

"ते तुझं काम नाही. तुझं काम तांदूळ निवडायचं. खडा लागला तर लोक तुला नावं ठेवतील."

येसूने आठ दिवस तांदळाची ती एक मूठ निवडली. इतका निवडलेला तांदूळ त्या गावाने ना आधी पाहिला ना नंतर.

रथसप्तमी उजाडली. धुके होते, गार वारा होता. सगळे गाव कुंडाशी आले; काही भक्तीने, पुष्कळसे तमाशा बघायला. खोतांच्या घरची मंडळी चौथऱ्यावर बसली. साहेब दुपारी यायचे होते. येसूने नवे फडके कुठून आणावे, जुन्या लुगड्याचा पदर फाडून त्यात तांदूळ बांधला, सुंभ लावला, तापाईचे नाव घेऊन पुरचुंडी पाण्यात सोडली. पाणी थिजल्यासारखे गप्प होते. एक बुडबुडा नाही.

महाराज झाडाखालून उठून आले. पायऱ्यांपाशी थांबले आणि खांद्यावरचे इरले काढले. त्यांना इरल्याशिवाय कुणी पाहिले नव्हते. त्यांनी ते येसूच्या हातात दिले, म्हणाले, "धर. ओलं होईल." मग पायऱ्या उतरून शेवटच्या पायरीवर बसले, आणि दोन्ही पाय पोटऱ्यांपर्यंत कुंडात सोडले. डोळे मिटले.

चार कुत्री नेहमीप्रमाणे मागोमाग आली आणि महाराजांच्या पाठीशी निजली. ऊन कड्यावरून उतरू लागले. अर्ध्यावर आले असेल, तेवढ्यात एक कुत्रे उठले, अंग झाडून दुसरीकडे जाऊन निजले. मग दुसरे. मग उरलेली दोन. ते फक्त येसूने पाहिले. तिला तेव्हा त्याचा अर्थ लागला नाही.

ऊन पाट्यावर आले. त्र्यंबकराव म्हणाले, "काढ."

येसूने सुंभ ओढला. पुरचुंडी वर आली आणि तिच्यातून वाफ निघत होती. लोक मागे सरले. येसूने गाठ सोडली. लुगड्याच्या जुन्या तुकड्यावर पांढरा भात मोकळा झाला, शीत न् शीत वेगळे. सुंभावरून खाली ठिबकत होते ते पाणी मात्र गार.

त्र्यंबकराव चौथऱ्यावरून खाली आले. दोन शिते बोटांत चिरडून बघितली. मग म्हणाले की घरून शिजवून आणलेला भात अंगाखाली ऊबेत ठेवला असेल आणि पुरचुंडी बदलली असेल. लुगडेवाल्या बाईकडे लपवायला जागा कमी नसते. हे बोलणे खालच्या थराचे होते, पण लोकांना जरा हायसे वाटले. चमत्कार खरा असला तर आठ दिवसांपूर्वी खाली घातलेल्या माना पुन्हा वर करणे कठीण.

"आता माझी पुरचुंडी," त्र्यंबकराव म्हणाले. "माझा तांदूळ, माझ्या घरची गाठ, आणि सुंभ माझ्या हातात."

त्यांच्या पत्नी अन्नपूर्णाबाई बरोबर तांदूळ घेऊन आल्या होत्याच. येसू हरली की मान घ्यायला आणलेला. त्यांनी तो रेशमी फडक्यात बांधला. रावसाहेबांनी कोट काढला नाही, फक्त धोतर वर खोवले आणि गुडघाभर पाण्यात उतरले. पाण्याने त्यांचे दात वाजले. महाराजांपासून हातभर अंतरावर उभे राहून त्यांनी पुरचुंडी स्वतःच्या मुठीत धरून पाण्याखाली नेली. सुंभावरही भरवसा नको म्हणाले.

ऊन पाट्यावरून कुंडाच्या काठाशी आले. रावसाहेबांचे पाय गारठून निळे पडू लागले होते, आणि मुठीत काहीतरी उलटे होत होते. आधी कोमट लागले. त्यांनी मूठ बदलली. मग कढत लागले. त्यांनी दात खाऊन धरून ठेवले. माणूस हट्टी होता, त्याचे त्याला द्यावे. शेवटी हाताची साल निघेल असे झाले तेव्हा त्यांनी पुरचुंडी पायरीवर टाकली. ती टाकल्याबरोबर रेशमातून वाफ आली.

अन्नपूर्णाबाई खाली वाकल्या. त्यांनी गाठ बघितली, सोडली, आत बोट घातले. मग नवऱ्याकडे बघून एवढेच म्हणाल्या, "गाठ माझीच आहे. तुमच्या शिदोरीला हीच मारते. आणि भात शिजलाय."

आता माणसाने शरण जावे. पण जाणता माणूस शेवटपर्यंत कारण शोधतो. त्र्यंबकरावांच्या मनात आले की या गोसाव्याने पायाखाली काहीतरी लपवले आहे. तापवलेला दगड असेल, जिवंत चुन्याची पोतडी असेल. पाणी पडले की चुना उकळतो हे त्यांच्याइतके कोण जाणत होते. ते तसेच खाली वाकले, कोटाच्या गुंड्या तटतटल्या, आणि पाण्याखाली दोन्ही हातांनी चाचपू लागले. हाताला पायरीचा चिरा लागला. गाळ लागला. मग महाराजांचे पाय लागले.

ते पाय दगडासारखे गार होते. प्रेताचे असतात तसे गार.

त्र्यंबकरावांनी वर पाहिले. महाराजांचे ओठ काळेनिळे झाले होते, अंगाला कापरे भरले होते, आणि ज्या अंगाची धग दोन हातांवरून लागे त्याच्या इतके जवळ असूनही काही लागत नव्हते. दोन मुठी तांदूळ कशावर शिजला, ते रावसाहेबांना कुणी समजावून सांगितले नाही. त्यांचे हात पाण्याखाली ते पाय धरूनच राहिले. सोडायचे भान नव्हते.

महाराजांनी डोळे उघडले आणि म्हणाले, "थंडी वाजते, त्र्यंबका. उघड आता."

त्र्यंबकराव बाहेर आले. कुणाला हाक मारली नाही, गवंड्याला शोधले नाही. चौथऱ्याशी पडलेली पहार उचलली. जन्मभर पहारी दुसऱ्यांच्या हातांत दिलेल्या, स्वतःच्या हातात ती कशी धरायची ते ठाऊक नव्हते. भाजलेल्या तळव्याने पहिला घाव घातला तो चिऱ्यावरून निसटला. येसू बगलेत इरले घेऊन उभी होती. तिने हलकेच सांगितले, सरळ नको, तिरकी घाला, खार धरलीय तिथे. त्यांनी तिरकी घातली. नवा घोटलेला चुना फुटला, चिरे हलले, आणि दहाव्या-बाराव्या घावाला गट्टा खिळखिळा होऊन खाली न जाता वर निघाला. खाली अंधारे भोक दिसले.

पण वाफ आली नाही.

रावसाहेब पहार टाकून भोकाकडे बघत राहिले. त्यांच्या तोंडावर तेव्हा जे होते ते आधी कुणी पाहिले नव्हते. आपल्या हातून एक जीव गेला की काय, असे. खाली पायरीवर महाराजांचे डोके छातीवर आले होते. येसू पुढे झाली. तिने सांगितले की आत महिन्याचा गाळ आणि चुन्याचा चुरा बसला आहे, तो ओढावा लागेल. आणि सासूचा वेत त्यांच्या पुढे धरला.

त्यांनी वेत घेतला, वाकले, आत घालू लागले. वेत वीतभर जाऊन अडला. गुडघ्यावर बसून बघितले. तरी अडला.

येसू म्हणाली, "आडवं व्हा, रावसाहेब. उभ्यानं होत नाय."

त्यात टोमणा नव्हता. त्याने ते जास्तच लागले असेल.

त्र्यंबकरावांनी कोटाच्या गुंड्या सोडल्या. कोट काढला. साऱ्या गावासमोर, आपणच बांधलेल्या चौथऱ्यावर, चुन्याच्या चुऱ्यात पोटावर पालथे पडले. कपाळ दगडाला टेकवले. तसा खांदा खाली गेला आणि वेत आत शिरला. त्यांनी तो फिरवला, ओढला. काळा लगदा आला. पुन्हा घातला, पुन्हा ओढला. तिसऱ्या वेळी आत खोल कुठेतरी कुणी दीर्घ श्वास घ्यावा तसा आवाज झाला. मग सातव्या धापेने वाफ सोडली ती थेट त्यांच्या तोंडावर. गंधकाचा तो वास गावाला महिन्याने आला. एकदोन म्हाताऱ्यांनी डोळे पुसले, आणि खाली कुठेतरी एका पोराने भूक लागली म्हणून भोकाड पसरले.

मग एकेक करून सहाही धापा लागल्या. कुंडाच्या तळातून बुडबुडे आले. महाराजांचे पाय पाण्यातच होते. पाणी कोमट झाले, ऊन झाले, तेव्हा येसूने आणि अन्नपूर्णाबाईंनी त्यांना धरून वरच्या पायरीवर घेतले, कारण थोड्या वेळात तिथे पाय ठेवणे अशक्य होणार होते. येसूने इरले त्यांच्या खांद्यावर घातले. त्र्यंबकराव तांब्या तांब्या ऊन पाणी आणून त्यांच्या पायांवर घालत होते. चाळीस तांबे झाल्यावर महाराज म्हणाले, "पुरे. आता भात वाढा. दोन घरचा शिजलाय, तो आधी."

त्या दिवशी बाकीच्या पुरचुंड्या सुटल्या त्या दुपारच्या सुमारास. साहेबही तेव्हाच आले. चौथरा फुटलेला, खुर्ची कुठेच नाही, आणि खडकावर एक गृहस्थ पालथे पडलेले पाहून त्यांनी हा कोण, असे विचारले. धाकू गुरव म्हणाला, "आमचे रावसाहेब. सहावीवर आहेत. एवढी झाली की येतील."

महाराज माघी पौर्णिमेपर्यंत राहिले आणि एका सकाळी सड्यावरून चालू लागले. त्यांच्या अंगाची धग पूर्वीसारखी पुन्हा कधी झाली नाही असे सांगतात. पुढे थंडीत ते इतरांसारखेच शेकोटीपाशी सरकून बसत. येसूची खोपी तिथेच राहिली, पहिली पुरचुंडी तिचीच राहिली. चौथरा त्र्यंबकरावांनी स्वतः उतरवला आणि त्याच्या चिऱ्यांनी येसूच्या खोपीला जोते घातले. आठवड्यातून एकदा ते यायचे. येसू सहा धापा करी, सातवी त्यांच्याकडे असे. कोट घरी ठेवून यायचे.

म्हातारपणी त्यांची मान पुन्हा ताठली, पण ती वाताने. तरी सातवी धाप त्यांनी सोडली नाही. शेवटच्या वर्षी अंग वाकेना, तेव्हा अन्नपूर्णाबाई पाठीवर हात ठेवून त्यांना हळूहळू खाली निजवीत. कपाळ दगडाला टेकले की ते म्हणत, "टेकलं. आता दे." आणि येसू त्यांच्या हातात वेत देई.